जोडनावातून गळालेला ऱ्होड्स

आफ्रिकेच्या मुक्तिलढ्यांचा इतिहास लिहिताना कॅरिबियन गाण्याला बहुधा पार्श्वसंगीताची जागा दिली जाते. आम्हांला ही मांडणी अपुरी वाटते. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला त्या वेळचा त्रिनिदादच्या लॉर्ड किचनरचा कॅलिप्सो घ्या. त्यात निखळ स्वागत आहे, उत्सव आहे. पुढल्या पिढीच्या जमैकन रेगेने मात्र राजकीय विधान करण्याची जबाबदारीच अंगावर घेतली.

बॉब मार्लेच्या 'वॉर' (१९७६) या गाण्याचे शब्द मुळात गीतकाराचे नाहीत. ४ ऑक्टोबर १९६३ रोजी इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत केलेल्या भाषणातला तो उतारा आहे, जवळजवळ जसाच्या तसा. राजनैतिक गद्यातली अटींची लांबलचक उपवाक्ये ठेक्यावर चढताच ध्रुपदासारखी परतून येऊ लागतात. रास्ताफारींना देवासमान असलेला हा सम्राट १९७४ मध्ये त्याच्याच देशात पदच्युत झाला होता. त्याच्या राजवटीविषयी इतिहासकारांचे मत काहीही असो, ते भाषण आमसभेच्या दप्तराबाहेर लोकांच्या तोंडी गेले ते गाण्यामुळे. (दलित साहित्याच्या संदर्भात मराठी समीक्षेने अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते जोडले, कॅरिबियन गाणे त्या चर्चेत फारसे आले नाही. ते छापील नव्हते, हे एक कारण असावे.)

१९७९ च्या 'सर्व्हायव्हल' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर आफ्रिकी देशांचे ध्वज आहेत आणि शीर्षकामागे 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजात कोंबलेल्या माणसांची जुनी आकृती. तिच्यातच 'झिम्बाब्वे' हे गाणे आहे. ती बाजारात आली तेव्हा देशाचे अधिकृत नाव 'झिम्बाब्वे ऱ्होडेशिया' असे तडजोडीचे होते. गाण्याने त्यातला ऱ्होड्सचा वाटा सरळ वगळला. पण गाणे तिथे थांबत नाही. आतल्या सत्तास्पर्धेबद्दलची शंकाही ते बोलून दाखवते आणि खरा क्रांतिकारक कोण, हे लवकरच कळेल असे बजावते. मुक्तिगीतात असा सावधपणा विरळाच.

१७ एप्रिल १९८० च्या रात्री सॅलिसबरीच्या (आजच्या हरारेच्या) रुफारो मैदानावर स्वातंत्र्यसोहळा झाला. राजपुत्र चार्ल्स आणि इतर निमंत्रित पाहुणे आत होते, ज्यांच्या नावाने लढा झाला ती माणसे फाटकाबाहेर. ती आत घुसू लागताच पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तो मंचापर्यंत आला आणि मार्लेचे गाणे थांबले. काही वेळाने ते पुन्हा सुरू झाले. पुढे सामान्य लोकांसाठी वेगळा कार्यक्रमही झाला.

मार्ले ११ मे १९८१ रोजी वारला. १९८३ पासून माटाबेलेलँडमध्ये नव्या सरकारच्याच सैन्याने केलेली कत्तल त्याला पाहावी लागली नाही. त्याच सोहळ्यात गायलेला, ऱ्होडेशियन राजवटीने पूर्वी तुरुंगात टाकलेला थॉमस मापफुमो मात्र मागे होता. त्याने १९८९ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांवर गाणे केले. त्याचे नाव 'करप्शन'.