गोंदणावरील चिकट पट्टी

गोंदणावरील चिकट पट्टी म्हणजे नव्या गोंदणाची, अर्थात टॅटूची, त्वचा भरून येईपर्यंत त्यावर लावली जाणारी पातळ, पारदर्शक पट्टी होय. ती पॉलियुरेथेनची असून तिच्या एका बाजूस चिकटद्रव्य असते. रुग्णालयांत जखमांवर लावली जाणारी टेगाडर्म पट्टी याच प्रकारची आहे.

कार्य
गोंदताना सुई त्वचेला असंख्य छिद्रे पाडते. म्हणून नवे गोंदण ही वस्तुतः जखमच असते. ही पट्टी प्राणवायू व बाष्प आरपार जाऊ देते, मात्र पाणी व जिवाणूंना अडवते. झाकून ओलसर राखलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले.

वापर
गोंदण धुऊन कोरडे केल्यावर, भोवतालची थोडी निरोगी त्वचाही झाकली जाईल अशी पट्टी लावतात. आत रक्तद्रव व जादा शाई साचत असल्याने पहिली पट्टी साधारणतः २४ तासांत बदलतात. दुसरी काही दिवस ठेवतात. काढताना ती कोमट पाण्याखाली त्वचेला समांतर ताणतात.

दक्षता
पट्टीची कड अखंड असेपर्यंतच तिचे संरक्षण टिकते. कड सुटून द्रव झिरपू लागल्यास जिवाणूंना आत वाट मिळते व उबदार ओलाव्यात ते वाढतात. अशा वेळी वरून दुसरी पट्टी न चिकटवता मूळ पट्टी काढून त्वचा धुणे आवश्यक असते. चिकटद्रव्याच्या ॲलर्जीमुळे खाज वा पुरळ उठल्यासही पट्टी काढावी लागते. वाढती लाली, पू किंवा ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणे असून त्यांवर वैद्यकीय उपचार आवश्यक ठरतात.