कोरियात अनोळखी माणसाशी बोलताना 'हे' शब्द वापरा

के-ड्रामा पाहून 'कोमावो' म्हणजे थँक्यू आणि 'मियाने' म्हणजे सॉरी, हे अनेकांना पाठ झालंय. पण हे शब्द मित्रांसाठीचे आहेत. कोरियात अनोळखी दुकानदाराला ते वापरणं म्हणजे थेट 'अरे-तुरे' करणं. मग काय म्हणायचं?

• आन्योंगहासेयो: नमस्कार.
• चोगीयो: अहो, जरा ऐकता का? रस्त्यात कुणाला थांबवताना किंवा हॉटेलात वेटरला बोलवताना.
• काम्साहाम्निदा: धन्यवाद.
• च्वेसोंगहाम्निदा: माफ करा. चुकून धक्का लागला तर हेच म्हणा.
• जुसेयो: द्या. 'मुल जुसेयो' म्हणजे पाणी द्या.
• ओदियेयो: कुठे आहे? 'ह्वाजांगशिल ओदियेयो?' म्हणजे टॉयलेट कुठे आहे?
• आन्योंगही केसेयो: दुकानातून निघताना, आत थांबणाऱ्याला म्हणायचं.

'तांगशिन' मात्र टाळा. डिक्शनरीत त्याचा अर्थ 'तुम्ही' असा दिसतो, पण अनोळखी माणसाला तो उद्धट वाटतो. भांडणातही तो ऐकू येतो. कोरियन वाक्यात 'तुम्ही' नसलं तरी चालतं.

लक्षात ठेवायची सोपी खूण: वाक्याच्या शेवटी 'यो' किंवा 'निदा' असेल, तर बोलणं सहसा आदराचं असतं. सोबत मान किंचित झुकवा आणि पैसे दोन्ही हातांनी द्या.