वाशीमचा सारा, झाशीचे बुरूज

झाशीच्या किल्ल्यात ‘कडक बिजली’ ही तोफ आजही उभी आहे. ती चालवणाऱ्या गुलाम गौस खानाची कबरही तिथेच आहे. राणी लक्ष्मीबाईंच्या तोफखान्याचा हा प्रमुख गोलंदाज. त्याच्यावर ज्या तोफा रोखल्या गेल्या, त्यांतल्या काहींचा खर्च आपल्या वऱ्हाडच्या, म्हणजे वाशीमच्याही, शेतसाऱ्यातून निघत होता. ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

१८५३ हे साल दोन्हीकडे निर्णायक ठरले. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च निजामाकडे थकला होता. २१ मे रोजी तह होऊन त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या, असा फौजेचा आकडाही ठरला. वाशीमच्या दक्षिणेला हिंगोलीस या फौजेची छावणी होती. दक्षिण वऱ्हाडचा मुलकी कारभारही आरंभी तिथूनच चाले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले.

१८५७ च्या जूननंतर राणीने कारभार पुन्हा हाती घेतला. ओरछाच्या फौजेचा वेढा झाशीने परतवला. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज शहरापुढे येऊन ठाकला, तेव्हा कंटिंजंटचे पायदळ, स्वार आणि तोफखाना त्याच्या सैन्यात होते. २५ मार्चला भडिमार सुरू झाला.

त्या काळी तोफ तोंडाकडून भरत. प्रत्येक बारानंतर नळी ओल्या बोळ्याने पुसायची, दारूची थैली आणि गोळा ठासायचा, नेम धरायचा, मग बत्ती द्यायची. समोरून गोळे येत असताना हे दिवसभर करणे म्हणजे कसब आणि छाती दोन्हींची परीक्षा. बायकाही तोफांवर राबत, दारूगोळा वाहत, हे खुद्द रोजनेच नोंदवले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हा वेढा आतून पाहत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला. १ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोप्यांचा पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. या संग्रामातच गौस खान कामी आला.

सत्तावनात वऱ्हाड शांत होते, असे आपण म्हणतो. कंटिंजंटमध्येही सारे शांत नव्हते. जून १८५७ मध्ये औरंगाबादेस तिच्या पहिल्या रिसाल्याने बंड केलेच होते. पण वऱ्हाडच्या शांततेचा अर्थ वेगळा लावायला हवा. इथल्या कुणब्याने भरलेला सारा झाशीच्या तटाखाली दारू होऊन जळत होता. गौस खानाने आपली बाजू निवडली होती. वाशीमच्या कुणब्याला कोणी विचारलेही नव्हते.