वेतन नाकारणारा अध्यापक

कामगार चळवळीत आमच्या हाती एकच मोठे हत्यार असते : काम बंद. परंतु असाही एक लढा झाला आहे, की ज्यात काम चालूच राहिले, बंद झाला तो पगार. आणि तो बंद केला खुद्द पगार घेणाऱ्याने. हे गृहस्थ म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

1884 साली परळला गिरणी कामगारांची सभा भरवून नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुटी मागितली. पुढच्याच वर्षी बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. हिंदी माणसाला काटेकोर विज्ञान शिकवणे जमणार नाही, असा वरिष्ठांचा समज होता. हिंदी प्राध्यापकाला गोऱ्याच्या दोनतृतीयांश पगार मिळे. बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. केंब्रिजच्या पदवीधराला एकतृतीयांश मोल! बोसांनी पगाराला हात लावला नाही. तीन वर्षे ते विनावेतन शिकवत राहिले. घरी वडिलांचे कर्ज होते, हे विसरू नये. अखेर सरकार नमले. नोकरी कायम झाली, मागील सर्व पगार पूर्ण दराने मिळाला आणि तो कर्जफेडीत गेला.

संशोधनाला कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. शिकवण्याचे तास संपले, की ते एका लहानशा खोलीत प्रयोग करीत. उपकरणे घडवायला हाताशी होता एक कलकत्त्याचा कल्हईवाला-पत्रेवाला कारागीर. त्या उपकरणांतून निघालेल्या, काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्लहरींनी 1895 च्या सुमारास, मध्ये तार नसताना, दूरची घंटा वाजवली. बोसांचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या कारागिराचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.

1915 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे त्यांचेच विद्यार्थी. 1917 मध्ये त्यांनी बोस संशोधन मंदिर उघडले. 1937 मध्ये ते निवर्तले.

हा मार्ग गिरणी कामगाराला झेपणारा नाही. तीन वर्षे राहोत, तीन महिने पगार नसला तरी त्याची चूल विझते; म्हणूनच त्याला संघटना लागते. पण बोसांची मागणी आपलीच होती : समान कामाला समान दाम. ती मागताना आपल्या कामाकडे बोट दाखवायला त्यांनी कोणाला जागा ठेवली नाही. वर्गात बसलेल्या मुलांचे नुकसान न करता त्यांनी सरकारला हरवले. अध्यापकाचा मोठेपणा मी यात मानतो.