तीन दिवसांचा आठवडा

यंत्रयुगाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा नव्या शोधांचा व वाढत्या उत्पादनाचा वृत्तान्त सांगतात. शक्तीचा तुटवडा पडला असतां कारखान्यांनीं काय केलें, याकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. परंतु घरांत धान्य मोजकें उरलें म्हणजेच गृहिणीच्या कौशल्याची खरी कसोटी लागते. या दृष्टीनें १९७३-७४ च्या हिंवाळ्यांत ब्रिटनमध्यें परिस्थितीनें जो प्रयोग घडवून आणला, तो वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९७३ च्या आक्टोबरांत मध्यपूर्वेंत युद्ध पेटलें व खनिज तेल महाग आणि दुर्मिळ झालें. त्यांतच १२ नोव्हेंबरपासून खाणकामगारांनीं जादा वेळ काम करण्याचें नाकारलें. वेतनवाढीवर सरकारनें घातलेली मर्यादा त्यांस मान्य नव्हती. ब्रिटनची वीज त्या काळीं मुख्यत्वें कोळशावरच होत असे. तेव्हां वीजघरांपाशीं सांठविलेला कोळसा हिंवाळा सरेपर्यंत पुरवावा कसा, असा प्रश्न पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्यापुढें उभा राहिला. १३ डिसेंबर रोजीं त्यांनीं जाहीर केलें कीं, नववर्षापासून बहुतेक उद्योगधंद्यांना आठवड्यांतील ठराविक व लागोपाठचे तीनच दिवस वीज वापरतां येईल, आणि त्या दिवसांतहि कामाचे तास वाढवितां येणार नाहींत. रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक संस्था तेवढ्या या निर्बंधांतून वगळण्यांत आल्या.

या योजनेंतील ‘लागोपाठ’ हा शब्द विचार करण्यासारखा आहे. थंड झालेली भट्टी पुन्हां तापवितांना जी उष्णता खर्ची पडते, तिच्यांतून एकहि नग बाहेर पडत नाहीं. दिवसाआड वीज दिली असती, तर हा निष्फळ खर्च आठवड्यांतून तीनदां करावा लागता. सलग तीन दिवसांत तो एकदांच होतो. शिवाय कांहीं कारखान्यांस आठवड्याचा पूर्वार्ध व कांहींस उत्तरार्ध नेमून दिल्यानें भार विभागला गेला. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरविणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांस हें तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडूं नये. परंतु जे धंदे अखंडच चालवावे लागतात, त्यांना पाळी लागू पडत नाहीं. कांचेच्या भट्टींतील रस गोठला तर भट्टीच निकामी व्हावयाची. अशा धंद्यांस दिवसांचें बंधन न घालतां, नेहमींच्या विजेच्या ६५ टक्क्यांत भागविण्यास सांगण्यांत आलें.

मग कारखान्यांतून कामाची नवी फोड सुरू झाली. ज्यास वीज लागते तें काम त्या तीन दिवसांत आटोपावयाचें. जुळणी, बांधणी, तपासणी, हिशेब इत्यादि हातांनीं होणारीं कामें उरलेल्या दिवशीं मेणबत्तीच्या वा गॅसबत्तीच्या उजेडांत करावयाचीं, असा क्रम पडला. कांहींनीं स्वतःचीं वीजयंत्रें आणविलीं. परिणाम असा झाला कीं, विजेचे दिवस पांचांचे तीन झाले, तरी उत्पादन दोन पंचमांशांनीं घटलें नाहीं. घट त्याहून पुष्कळच कमी झाली. एरव्हीं किती वेळ व किती शक्ति अव्यवस्थेंत वाया जात असावी, याचा हा एक पुरावाच होय.

तथापि एवढ्यावरून टंचाईचे गोडवे गाणें अन्यायाचें होईल. लाखों कामगारांचें काम तात्पुरतें बंद पडलें व त्यांच्या मिळकतीस कात्री लागली. मूळ तंटाहि मिटला नाहीं. फेब्रुवारी १९७४ मध्यें खाणकामगारांनीं पूर्ण संप पुकारला. देशावर राज्य कोणाचें, असा सवाल करून हीथ यांनीं २८ फेब्रुवारीस निवडणूक घेतली. तींत मजूरपक्षास ३०१ व त्यांच्या पक्षास २९७ जागा मिळून सत्ता हॅरॉल्ड विल्सन यांच्याकडे गेली. खाणकामगारांशीं तडजोड झाली आणि ७ मार्च रोजीं निर्बंध उठले.

आज हेंच काम गणकयंत्रें करूं लागलीं आहेत. कोणत्या भट्टींत कोणता घाणा केव्हां चढवावा, म्हणजे सर्वांची मिळून विजेची मागणी मर्यादेबाहेर जाणार नाहीं, हें तीं क्षणांत मांडून देतात. पुण्याच्या औद्योगिक भागांतील गुरुवारची सुट्टी हीहि याच विचाराची एक साधी खूण आहे. पण शक्तीची वांटणी गणितानें साधली, तरी टंचाईचा भार कोणीं किती उचलावा, हा प्रश्न शेवटीं न्यायबुद्धीचाच राहतो. आणि १९७४ सालीं ब्रिटनमध्यें अडलें तें तेथेंच, असें आमचें मत आहे.