पीसीओएस : चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रमाण

अंडाशयाशी निगडित संप्रेरकदोष. दवाखान्यात रूढ नाव पीसीओडी. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, दिवस राहायला वेळ लागतो. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे खरे तर पुरती वाढ न झालेली, 2 ते 9 मिलिमीटरची बीजपुटके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील 10 ते 13 टक्के स्त्रियांना हा विकार असतो.

निकष बदलला की आकडा बदलतो. 2003 च्या रॉटरडॅम निकषांत अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील पुटके यांपैकी कोणतीही दोन पुरतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत 15 ते 24 वर्षांच्या मुलींत यानुसार 22.5 टक्के प्रमाण निघाले. पुरुषी संप्रेरकांची अट सक्तीची करताच ते 10.7 वर आले. मुली त्याच. शिवाय पाळी सुरू झाल्यावरची काही वर्षे अशी पुटके निरोगी मुलींतही दिसतात, म्हणून मोठा आकडा जपूनच वापरावा.

गडचिरोलीचा प्रसिद्ध आकडा पीसीओएसचा नाही, एकूण स्त्रीरोगांचा आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या गावांतील 650 स्त्रियांना तपासले. अहवाल 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, दर स्त्रीमागे सरासरी 3.6. पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. यातला निम्मा भार जंतुसंसर्गाचा होता आणि रॉटरडॅम निकष अजून चौदा वर्षे दूर होते; त्यामुळे 92 टक्क्यांतून पीसीओएसचा वाटा काढता येत नाही.

जंगलभागात पाळी लांबण्याला कुपोषण, अंगावरचे दूध, थायरॉइड अशीही कारणे असतात. बाई बारीक आहे म्हणून पीसीओएस नाकारणेही चूक. मुंबईच्या पाहणीतही बहुतेक रुग्ण मुली लठ्ठ नव्हत्या. पाळी लांबल्याची खबर गावात असतेच. माडिया आदिवासींच्या वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात राहते. तिथे कोण किती महिने आली नाही, हे बायकांना ठाऊक असते. सरकारी नोंदवहीत मात्र चुकलेल्या पाळीची चौकशी होते ती गरोदरपणासाठी.

2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार प्रौढ स्त्रीत अनियमित पाळी आणि राठ केसांसारखी पुरुषी संप्रेरकांची ठळक लक्षणे असतील, तर इतर कारणे वगळल्यावर निदानाला सोनोग्राफी लागत नाही. म्हणजे गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्ली तालुक्यांच्या आतल्या गावांतली पीसीओएसची मोजणी सोनोग्राफी यंत्रावाचून अडू नये. थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी इतर कारणे वगळण्यासाठी रक्ताचा नमुना तेवढा घ्यावा लागेल.