फुली दिसेनाशी होते तेव्हा

आजचा विषय बारावीच्या प्रॅक्टिकलमधला आहे, पण पळू नका, गोष्ट भारी आहे.

कागदावर पेनाने एक ठसठशीत फुली मारायची. तिच्यावर कॉनिकल फ्लास्क ठेवायचा. त्यात हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण. वरून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की स्टॉपवॉच सुरू. हळूहळू गंधक तयार होतं, द्रावण गढूळ होत जातं आणि एका क्षणी खालची फुली दिसेनाशी होते. स्टॉपवॉच बंद. (खिडक्या उघड्या ठेवा बरं का, यात सल्फर डायऑक्साइडही सुटतो आणि तो घशाला झोंबतो.) तेच द्रावण कोमट करून घेतलं तर फुली लवकर गायब होते. आकडे वहीत लिहायचे, सही घ्यायची, संपलं.

पण यात आपण गंधक मोजलं का? नाही! फक्त डोळा आणि घड्याळ. एवढी सोपी वाटणारी कल्पना रसायनशास्त्रात यायला बराच काळ जावा लागला.

अडचण अशी होती. अभिक्रिया कुठवर आलीय हे बघायला त्यातला थोडा नमुना बाहेर काढावा, तर तपासेपर्यंत त्या नमुन्यातही ती चालूच राहते. धावत्या एसटीतली माणसं मोजायची आणि मोजता मोजता चढउतार चालूच, असा प्रकार. शिवाय त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना ‘कशापासून काय बनतं’ यातच जास्त रस होता. ‘किती वेळात’ हे विचारणारे थोडेच.

ते विचारलं लुडविग विल्हेल्मी या जर्मन माणसाने. गडी मूळचा औषधविक्रेता. दुकान विकून शिकायला गेला आणि हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवू लागला. त्याने घेतली उसाची साखर आणि आम्ल. गुलाबजामचा पाक गोठू नये म्हणून आपल्याकडे लिंबू पिळतात ना? तीच अभिक्रिया. आम्लामुळे साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. आता गंमत बघा. साखरेचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवतं, तर तुटून झालेलं मिश्रण डावीकडे. म्हणजे नळीतून प्रकाश सोडायचा आणि तो किती फिरला ते वाचायचं. थेंबही बाहेर काढायला नको! त्याला दिसलं की कुठल्याही क्षणी साखर तुटण्याचा वेग हा तेव्हा शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. १८५० साली त्याने हे गणिती समीकरणासकट छापलं.

आणि कोणी फारसं लक्षच दिलं नाही. विल्हेल्मी १८६४ मध्ये वारला. विल्हेल्म ओस्टवाल्डने १८८४ च्या सुमारास त्याचं काम पुन्हा उजेडात आणलं, म्हणजे तब्बल चौतीस वर्षांनी. पुढे १९०९ साली याच क्षेत्रातल्या कामासाठी ओस्टवाल्डला नोबेल मिळालं. मला विचाराल तर त्यातला एक तुकडा त्या औषधविक्रेत्याचा.

दरम्यान ऑक्सफर्डमध्ये व्हर्नन हार्कोर्ट नावाचा रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने निघाला होता. (त्याच्याच कॉलेजात तेव्हा चार्ल्स डॉजसन गणित शिकवायचा. हो, ‘अॅलिस इन वंडरलँड’वाला लुईस कॅरल.) हार्कोर्टचा जोडीदार विल्यम एसन, तोही गणितज्ञ. त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड घेतलं. त्यातून आयोडीन सुटतं. त्यात मोजून थोडा हायपो आणि स्टार्च. सुटलेलं आयोडीन हायपो लगेच गिळून टाकतो, त्यामुळे द्रावण रंगहीन राहतं. हायपो संपला रे संपला की पुढचं आयोडीन स्टार्चला भेटतं आणि सगळं द्रावण झटक्यात निळं! वेळ लिहायची, हायपोचा तेवढाच पुढचा हप्ता टाकायचा. निळा रंग जातो. पुन्हा वाट बघायची. पेरॉक्साइड कमी होत जातं तशी दोन निळ्यांमधली वेळ लांबत जाते. हायपो आयोडीनचं परत आयोडाइड करून टाकतो, त्यामुळे आयोडाइडचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं आणि बदलतं ते फक्त पेरॉक्साइड. अभिक्रियाच ओरडून सांगते, ‘इथवर आले!’ आज कॉलेजात ‘आयोडीन क्लॉक’ म्हणून जे दाखवतात ते याच घराण्यातलं.

या जोडीने तापमानही बदलून पाहिलं. जितकं थंड, तितकं संथ. मग कित्येक वर्षांनी, जमवलेल्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की कुठल्या तापमानाला अभिक्रिया पूर्णच थांबेल? उत्तर आलं उणे २७२.६ अंश सेल्सिअस. आज आपण निरपेक्ष शून्य उणे २७३.१५ मानतो. इतक्या थंडीच्या जवळपासही न जाता, स्टार्च निळा कधी झाला हे घड्याळात बघून काढलेला आकडा आहे तो.